वॅट विचारण्याआधी मोजपट्टी धरा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वर्कशॉपसाठी ॲम्प्लिफायर आणि स्पीकर घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती वॅटचा घेऊ? ध्वनियंत्रणा बसवणं आणि दुरुस्त करणं हे आमचं रोजचं काम आहे, आणि या प्रश्नापासून सुरुवात झाली की पुढचं बहुतेक सगळं चुकत जातं, हे कळकळीनं सांगावंसं वाटतं म्हणून हे पत्र. दुरुस्तीला येणारे वर्कशॉपचे स्पीकर क्वचितच वयानं गेलेले असतात. ते लांब टांगलेले असतात म्हणून ताणून वाजवले जातात, आणि ताणून वाजवले जातात म्हणून जळतात. उरलेले धुळीनं जातात. तेव्हा आधी मोजपट्टी घ्या आणि काम करणाऱ्याच्या कानापासून स्पीकरच्या जागेपर्यंतचं अंतर मोजा.

हिशोब सोपा आहे. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलनं उतरतो. ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली की मिळतात फक्त ३ डेसिबल. म्हणजे दुप्पट लांब लावलेल्या स्पीकरची भरपाई करायला चौपट वॅट लागतात. दुसरा आकडा स्पीकरच्या संवेदनशीलतेचा, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल मिळतात याचा. घरगुती छोट्या स्पीकरचा हा आकडा साधारण ८४ ते ८७ असतो, सभेत वापरतात तसल्या १२ इंची स्पीकरचा ९५ ते ९८, आणि भोंग्याचा १०५ च्या पुढेमागे. माहितीपत्रकात हा आकडा छापलेलाच नसेल, तर तो स्पीकर घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

समजा शेडमध्ये ८० डेसिबलचा गोंगाट आहे आणि कामाच्या टेबलापाशी ८४ डेसिबलची गाणी हवी आहेत. स्पीकर समोरच्या भिंतीवर, ८ मीटरवर. तिथून टेबलापर्यंत १८ डेसिबल गळतात, म्हणजे स्पीकरपासून १ मीटरवर १०२ हवेत. ८६ च्या घरगुती स्पीकरला त्यासाठी सरासरी ४० वॅट लागतील, ९६ च्या स्पीकरला ४. गाण्यातले ठोके सरासरीच्या १० डेसिबल वर सहज जातात, आणि १० डेसिबल म्हणजे दहापट वॅट. पहिल्याला ठोक्यापुरते ४००, दुसऱ्याला ४०. चारशे वॅट सोसेल असली कॉइल, म्हणजे स्पीकरचा पडदा हलवणारं तारेचं वेटोळं, घरगुती स्पीकरमध्ये नसतेच. आता तोच ९६ चा स्पीकर टेबलापासून २ मीटरवर आणा. सरासरी पाव वॅट पुरतो, ठोक्याला अडीच. स्पीकर तोच, कानावर पडणारा आवाज तोच, पण कॉइलवरचा भार सोळा पटींनी कमी. पत्र्याच्या बंद शेडमध्ये भिंती-छतावरून परतणाऱ्या आवाजामुळे लांबची घट इतकी होत नाही हे खरं. पण तो परतलेला आवाज शब्द चिवडून टाकतो. लांबच्या स्पीकरचा आवाज ऐकू येतो, बोलणं कळत नाही, ते यामुळेच.

मोठ्या शेडला एका कोपऱ्यात दोन अजस्र खोकी ठेवण्यापेक्षा सहा-आठ मध्यम स्पीकर प्रत्येक कामाच्या जागेवर, डोक्याच्या वर अडीच-तीन मीटरवर, खाली तोंड करून लावणं केव्हाही बरं. स्पीकरजवळचा माणूस बहिरा आणि लांबचा माणूस कोरडा, असं मग होत नाही.

गोंगाट किती आहे हे मोजायला यंत्र नसेल तर एक कसोटी आहे. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागतो का? लागत असेल तर तिथे ८५ डेसिबलच्या आसपास आहेत असं धरावं. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. नायॉश या अमेरिकी कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा : ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, १०० ला अवघी १५ मिनिटं. आता बेरीज करा. ८५ चं यंत्र आणि त्याच्या बरोबरीनं वाजणारा ८५ चा स्पीकर मिळून ८८ होतात. आठ तासांची मुभा गाण्यांनी चारवर आणली. ९० च्या यंत्रावर मात करायला ९५ वर गाणी लावली, तर एकूण ९६ च्या वर जातं आणि मुभा पाऊण तासाच्याही आत येते.

म्हणून अँगल ग्राइंडर, पत्र्यावरचं ठोकाठोकीचं काम किंवा पंच प्रेस जिथे सतत चालतो, तिथे गाण्यांचा विचार सोडून द्यावा. अशा ठिकाणी सहज ९५ ते १०५ डेसिबल असतात आणि त्यांच्याशी झुंजणारा कोणताही स्पीकर कान तरी घालवतो किंवा स्वतः तरी जळतो. तिथे कानात प्लग किंवा कानावर मफ, आणि सूचनेसाठी लुकलुकणारा दिवा. धोक्याचा इशारा मात्र ऐकू यायलाच हवा. त्यासाठीचं आयएसओ ७७३१ हे मानक इशारा गोंगाटापेक्षा १५ डेसिबलहून अधिक वर असावा असं सांगतं. हे काम भोंग्याचं, आणि इशारा वाजताना गाणी आपोआप बंद होतील अशी जोडणी हवीच.

सूचना आणि गाणी एकाच स्पीकरवर चालवायची असतील तर एक गोष्ट समजून घ्यावी. बोलणं कळतं ते मुख्यतः ५०० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यातून. खालचा घुमणारा आवाज शब्दांना काही मदत करत नाही, उलट त्यांना झाकतो. सूचनेच्या मायक्रोफोनवर २५० ते ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकलं तर आवाज न वाढवता शब्द सुटे होतात. भोंग्याला तर हे कापणं जगण्यापुरतं गरजेचं आहे. भोंग्याचा पडदा त्याच्या ठरलेल्या पट्ट्याच्या खाली हवेचा आधार न मिळाल्यानं मोकाट हलतो, आणि कडेला चिरतो.

आता धूळ. लाकडाचं वर्कशॉप आणि लोखंडाचं वर्कशॉप यांचे रोग वेगळे. लाकडाचा बारीक भुसा वीज वाहून नेत नाही, पण ॲम्प्लिफायरच्या उष्णताफेकी पंखांवर गादीसारखा बसतो, ओल धरतो आणि तापल्यावर आगीलाही कारण होतो. लोखंडाचा कीस त्याहून वाईट, कारण स्पीकर म्हणजे मुळात चुंबक. ही कॉइल ज्या फटीत हलते ती दोन्ही बाजूंना मिलिमीटरच्या अंशाइतकीच असते आणि चुंबकाची सगळी ओढ तिथेच एकवटलेली असते. ग्राइंडरचा कीस हवेतून तरंगत येतो, तिथे चिकटतो आणि काट्यासारखा उभा राहतो. सुरुवातीला हलक्या आवाजात खरखर येते, मोठ्या आवाजात ती जाणवत नाही. मग कॉइलवरचं वार्निश घासलं जातं, वेढे एकमेकांना टेकतात, रोध घटतो आणि एखाद्या दिवशी स्पीकरसोबत ॲम्प्लिफायरचे ट्रान्झिस्टरही जातात.

जागा ठरवण्याआधी एक साधा प्रयोग करावा. एखादा चुंबक प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत गुंडाळून स्पीकरच्या नियोजित जागी आठवडाभर टांगून ठेवायचा. नंतर पिशवी पांढऱ्या कागदावर उलटी करून काढायची. कागदावर काळी मिशी पडली तर ती जागा उघड्या स्पीकरची नाही. तिथे बंद खोक्याचा किंवा आयपी ६५ दर्जाचा स्पीकर घ्यावा. आयपी म्हणजे धूळ आणि पाणी किती अडतं याचा दर्जा. आयपीनंतरचा पहिला अंक धुळीचा : ५ म्हणजे धूळ शिरली तरी कामात अडथळा आणणार नाही इतकी, ६ म्हणजे धूळ पूर्ण बंद. दुसरा अंक पाण्याचा. ज्या खोक्याला पुढे-मागे भोक असतं, त्या खोक्यात प्रत्येक ठोक्यासरशी हवा आत-बाहेर होते आणि खोकं भात्यासारखं धूळ ओढतं. चुंबकाच्या पाठीमागे मधोमध भोक असलेला स्पीकर उघड्यावर लावला तर कीस थेट कॉइलपर्यंत जातो. खोकं बंद असावं, पुढे भोकांच्या पोलादी पत्र्याची जाळी असावी आणि तिच्या आतून पातळ स्पंज. हा स्पंज काढून धुता येईल असा बघावा.

कोनाच्या, म्हणजे स्पीकरच्या शंकूसारख्या हलणाऱ्या पडद्याच्या, कडेकडे गिऱ्हाईक बघत नाही, आणि आयुष्य ठरतं तिथेच. फोमची कड दहा-पंधरा वर्षांत आपोआप भुगा होते, उष्ण आणि दमट हवेत त्याआधीच. रबराची कड टिकते, पण तेलाच्या वाफाऱ्यात काही रबरं फुगतात. थरावर थर चढवलेल्या कापडाची, घड्या घातलेली कड वर्कशॉपसाठी सर्वांत चिवट. कोन कागदी असेल तर त्यावर ओल न धरणारा लेप हवा, नाहीतर पॉलिप्रॉपिलीनचा कोन. रंगकाम आणि थिनर जिथे चालतं तिथे कड जोडणारा गोंदच सुटतो. अशा खोलीत कोनवाले स्पीकर लावूच नयेत. शिवाय तिथली वाफ पेटणारी असते, तिथे साधं विजेचं उपकरण चालत नाही.

ॲम्प्लिफायरबद्दल आमचा पहिला सल्ला ऐकायला विचित्र वाटेल : तो वर्कशॉपमध्ये ठेवूच नका. भिंतीपलीकडच्या ऑफिसात किंवा स्टोअरमध्ये ठेवा आणि आत फक्त वायर न्या. त्यासाठी १०० व्होल्ट लाइनची पद्धत सर्वांत सोयीची. प्रत्येक स्पीकरमागे छोटा ट्रान्सफॉर्मर, त्यावर ५, १०, २० वॅट असे टॅप (त्या स्पीकरनं किती वॅट घ्यायचे ते ठरवणाऱ्या जोडण्या), आणि सगळे स्पीकर एकाच जोडवायरवर समांतर. आठ स्पीकर १० वॅटच्या टॅपवर लावले तर बेरीज ८० वॅट. त्यावर किमान पाव भाग राखीव ठेवायचा, म्हणजे १०० होतात. तेव्हा १२० वॅटचा घ्यावा. तपासणीही सोपी : १०० चा वर्ग भागिले वॅट, म्हणजे लाइनचा भार ओहममध्ये. १० वॅटचा एक टॅप म्हणजे १००० ओहम, आठांचे मिळून १२५. ओहम जितके कमी तितका भार जास्त. १२० वॅटचा ॲम्प्लिफायर खाली ८३ ओहमपर्यंत झेपवतो, म्हणजे जागा आहे. हे मोजायला इम्पीडन्स मीटरच, म्हणजे आवाजाच्या बदलत्या विजेला होणारा रोध मोजणारा मीटरच लागतो. साध्या मल्टिमीटरनं ट्रान्सफॉर्मरच्या तारेचा नुसता रोध दिसतो, तो फारच कमी असतो, आणि शॉर्ट आहे असं वाटून चांगली लाइन उकलली जाते.

या पद्धतीत एक ठेच हमखास लागते. स्पीकरमागचे छोटे ट्रान्सफॉर्मर खालच्या सुरांत दमतात. त्यांचा लोखंडी गाभा भरून जातो आणि त्या क्षणापुरता ॲम्प्लिफायरला शॉर्टसारखा भार दिसतो. जोरदार ढोलावर ॲम्प्लिफायर बंद पडतो आणि दोष कुणालाच सापडत नाही, त्याचं मूळ बहुधा हेच. ॲम्प्लिफायरच्या आधीच ७० ते ८० हर्ट्झच्या खाली काप लावला की हा आजार जातो.

वायरचाही फरक मोठा. ३० मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर तांबं. १ चौरस मिलिमीटर वायरीत त्याचा रोध साधारण १ ओहम. ४ ओहमच्या स्पीकरला यातच सुमारे २ डेसिबल जातात. ८० वॅटच्या १०० व्होल्ट लाइनला दहाव्या भागाइतकेही जात नाहीत. साध्या ८ किंवा ४ ओहमच्या पद्धतीत एवढ्या अंतराला अडीच चौरस मिलिमीटरच्या खाली जाऊ नये. १०० व्होल्टची लाइन मात्र झटका देऊ शकते. ती पाइपातून न्यावी, मोटारींच्या वायरीबरोबर एका पाइपात घालू नये आणि उघडे टोक कुठेही ठेवू नये.

ॲम्प्लिफायर आतच ठेवावा लागणार असेल तर पंखा नसलेला बघावा. पंखा म्हणजे धुळीचा पंपच. साधा क्लास-एबी ॲम्प्लिफायर नेहमीच्या आवाजावर घेतलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त उष्णतेत घालवतो. क्लास-डी, म्हणजे वीज झपाट्यानं चालू-बंद करून काम करणारा नव्या पद्धतीचा ॲम्प्लिफायर, त्या मानानं थंड असतो, म्हणून तो पत्र्याच्या बंद पेटीत ठेवता येतो. ६० बाय ६०, खोली २५ सेंटीमीटर अशी रंगवलेली पेटी भिंतीवर लावली तर तिच्यातून ३० वॅट उष्णता बाहेर पडताना आतली हवा बाहेरच्यापेक्षा सुमारे ६ अंश तापते. ९० वॅटला १८ अंश. शेडमध्ये ४० अंश असतील तर ५८ झाले, आणि उपकरणाच्या पोटात त्याहून जास्त. इथे ॲम्प्लिफायरमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा (वीज साठवणाऱ्या, तापल्यावर सुकत जाणाऱ्या भागाचा) नियम आठवावा : दर १० अंशांना आयुष्य निम्मं. १०५ अंशांना २००० तासांचा कपॅसिटर ६५ अंशांवर ३२,००० तास जातो आणि ७५ वर १६,०००. वर्षाला ३,००० तास वापर धरला तर दहा वर्षं आणि पाच वर्षं असा हा फरक आहे.

क्लास-डीची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याचे सुटे भाग इतके बारीक आणि दाटीवाटीनं असतात, की लोखंडाच्या धुळीची एक रेघ दोन पायांमध्ये पूल बांधते. दुरुस्ती म्हणजे बहुधा अख्खा बोर्ड बदलणं. बोर्डावर संरक्षक लेप असलेला मिळाला तर तोच घ्यावा. उघड्या धुळीत, पेटीशिवाय, जुन्या पद्धतीचा जड, बिनपंख्याचा क्लास-एबी जास्त तग धरतो आणि कोणाही कारागिराला दुरुस्त करता येतो.

वॅटकडे आता येऊ, कारण ते शेवटी बघायचे. पीएमपीओ हा आकडा वाचूच नये, त्याला कसलंच मोजमाप नाही. आरएमएस म्हणजे सलग सोसण्याची ताकद, प्रोग्रॅम त्याच्या दुप्पट आणि पीक चौपट छापतात. तुलना करताना आरएमएसशीच आरएमएस लावावा. लहान ॲम्प्लिफायर घेतला की स्पीकर सुरक्षित, ही समजूत ट्विटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, जाळते. ५० वॅटचा ॲम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळला की आवाज फाटतो, लाटेची शेंडी छाटली जाते, ती चौकोनी होते आणि तोच ॲम्प्लिफायर १०० वॅटच्या घरात जातो. शिवाय छाटलेल्या लाटेत वरचे सूर जास्त असतात आणि ते सगळे ट्विटरच्या केसासारख्या बारीक तारेवर पडतात. लाल दिवा लुकलुकायला लागला की आवाज उतरवायचा. वर्कशॉपमध्ये तो दिवा कोण बघत बसणार? म्हणून लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ न देणारी सोय) असलेला ॲम्प्लिफायरच घ्यावा, आणि लिमिटर आतून लावून त्यावर झाकण बसवावं.

वेल्डिंग मशीन, मोठ्या मोटारी आणि मोटारींचा वेग बदलणारे ड्राइव्ह ज्या फेजवर आहेत, त्यावर ॲम्प्लिफायर लावू नये. त्याला वेगळा खटका आणि सर्ज-रोधक (विजेचा अचानक उसळणारा दाब अडवणारा) द्यावा. मायक्रोफोनची लांब वायर बॅलन्स्ड, म्हणजे बाहेरची खरखर कापणारी, तीन पिनांच्या एक्सएलआर जोडणीची घ्यावी. गुणगुण येत असेल तर काही जण ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडतात. हे जिवावरचं काम आहे, कधीही करू नये. गुणगुण दोन उपकरणांच्या अर्थिंगमधल्या फेऱ्यामुळे येते. तिच्यावर उपाय म्हणजे सिग्नलच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर.

कंपनं मशिनांतून भिंतीत आणि भिंतीतून स्पीकरमध्ये उतरतात. दाबून बसवायच्या स्प्रिंगच्या क्लिपा अशा जागी सैल होतात, म्हणून फिरवून लॉक होणारी स्पीकॉन जोडणी किंवा स्क्रूचे टर्मिनल घ्यावेत. स्क्रूखाली जाणाऱ्या वायरीच्या टोकाला डाख देऊ नये. कथील दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू न फिरताच जोड ढिला होतो आणि ठिणगी पडायला लागते. त्याऐवजी टोकावर दाबून बसवायची फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, वापरावी. टांगलेल्या प्रत्येक स्पीकरला नायलॉन रिंगचे नट आणि मुख्य कंसाशिवाय वेगळी पोलादी तार हवी, दुसऱ्याच बोल्टला बांधलेली.

साफसफाई महिन्यातून एकदा, आणि ती कॉम्प्रेसरच्या नळीनं करू नये. हात त्या नळीकडेच जातो हे आम्हाला माहीत आहे, पण त्या झोतात पाणी आणि तेलाचे कण असतात. कीस बाहेर येण्याऐवजी जाळीतून थेट कॉइलच्या फटीत घुसतो. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम पुरतो. स्पीकर बंद असताना चारही बोटं कोनाच्या मध्याभोवती सारखी टेकवून तो हलकेच आत दाबून बघावा. गुळगुळीत गेला तर ठीक. वाळूवर पाय पडल्यासारखं लागलं तर तो वाजवणं तिथेच थांबवावं. भोंग्याचा पडदा काढता येत असेल, तर ताठ पुठ्ठ्याच्या पट्टीवर चिकट बाजू बाहेर ठेवून टेप गुंडाळायची आणि फटीतून गोल फिरवायची. टेप काळी यायची थांबेपर्यंत दर खेपेला नवी घ्यावी. फुंकर मारू नये, तोंडातल्या ओलीनं उरलेला कीस तिथेच गंजतो.

आपले,
ध्वनियंत्रणा बसवणारे आणि दुरुस्त करणारे काही तंत्रज्ञ